रक्तगट विचारला, बूस्टर राहिला

शाळाप्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या फाइलमध्ये काय काय असते, हे शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याला तोंडपाठ असते. जन्मदाखला, आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा, लागत असल्यास जातीचा दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि सगळ्यांत शेवटी लसीकरण कार्डाची प्रत. ही प्रत बहुधा पुसट निघते, कारण मूळ कार्डच घड्यांवर विरलेले असते. शाळेतला लिपिक ती इतर कागदांखाली लावतो, यादीवर खूण करतो आणि अर्ज पुढे सरकतो. त्या कार्डावरची कोणती चौकट रिकामी आहे, हे पाहण्याचे काम कोणाकडेच दिलेले नसते.

प्रवेश अर्जात आरोग्याचा रकानाही असतो. त्यात उंची, वजन, रक्तगट आणि ‘काही गंभीर आजार आहे का? होय/नाही’ एवढेच विचारलेले असते. काही शाळा वर डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट मागतात. मूल समोर नसतानाही ते मिळू शकते, हे शाळेला ठाऊक असते, डॉक्टरांना ठाऊक असते आणि पालकांनाही. या सगळ्या कागदांतून शाळेला मुलाच्या प्रकृतीविषयी नेमके काय कळते? जवळपास काहीच नाही. खरे तर पहिलीत पाऊल टाकणारे मूल आरोग्याच्या दृष्टीने अशा वळणावर असते, की योग्य चार प्रश्न त्याच वेळी विचारले गेले तर पुढची बरीच दुखणी टळतील.

आधी रक्तगटाचे पाहू, कारण त्याचा सोस सर्वांत मोठा. तो ओळखपत्रावर छापला जातो, डायरीत लिहिला जातो. अपघात झालाच तर उपयोगी पडेल, ही त्यामागची समजूत. प्रत्यक्षात कोणतीही रक्तपेढी ओळखपत्र वाचून रक्त देत नाही. रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेऊन गट पुन्हा तपासला जातो, दात्याच्या रक्ताशी तो जुळतो का हे पाहिले जाते आणि मगच पिशवी लावली जाते. क्षणाचीही उसंत नसेल तर सहसा ‘ओ’ गटाचे रक्त वापरतात. म्हणजे ओळखपत्रावरच्या ‘बी पॉझिटिव्ह’वरून रुग्णालयात कोणताच निर्णय होत नाही. रक्तगट माहीत असण्यात वाईट काही नाही. पण त्याच जागी ‘दमा आहे, पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात’ किंवा ‘शेंगदाण्याची अॅलर्जी’ असे लिहिलेले असेल, तर वर्गशिक्षिकेला त्याचा उपयोग पहिल्या दहा मिनिटांत होईल.

आता त्या रिकाम्या चौकटीकडे येऊ. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पेंटाव्हॅलेंट लस मिळते. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासूनचे संरक्षण त्यातच असते. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान डीपीटीचा पहिला बूस्टर होतो. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी या बूस्टरसोबतच. इथपर्यंत आशाताई घरी येऊन आठवण करून देते, अंगणवाडीत नोंद असते, आजीलाही तारखा पाठ असतात. त्यानंतर तीन-साडेतीन वर्षे काहीच देय नसते. कार्ड कपाटात जाते आणि ‘लसी झाल्या सगळ्या’ अशी घरात सर्वांची खात्री पटते.

इथेच चूक होते. डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षे या वयात द्यायचा असतो. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण हवीत, असा नियम आहे. म्हणजे जूनमध्ये पहिलीच्या बाकावर बसणारे मूल साधारण साडेपाच ते साडेसहा वर्षांचे असते. बूस्टरचे वय आणि शाळाप्रवेशाचे वय यांची गाठ इतकी नेमकी पडते, की ही लस शाळाप्रवेशाचीच लस म्हणायला हरकत नाही. तरीही ज्या अर्जात रक्तगटाला स्वतंत्र चौकोन आहे, त्यात या बूस्टरची तारीख विचारलेली अभावानेच सापडते.

या एका टोचणीचे एवढे काय, असे वाटू शकते. लहानपणी घेतलेल्या लसीने घटसर्पाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती काही वर्षांत ओसरत जाते. बूस्टर तिला पुन्हा वर उचलतो. आपल्या देशात अलीकडच्या काळात आढळलेल्या घटसर्पाच्या रुग्णांत पाच वर्षांपुढच्या मुलांचे प्रमाण मोठे आहे. हा तान्ह्या बाळांचा आजार, ही जुनी कल्पना त्यामुळे मागे पडली आहे. घशात करडा-पांढरा पडदा येतो, मान सुजते, श्वास अडतो. जंतूने सोडलेले विष हृदयाच्या स्नायूंपर्यंत पोहोचते, तेव्हा ताप उतरलेले मूलही दगावू शकते. त्यावर अँटिटॉक्सिन लवकर द्यावे लागते आणि ते प्रत्येक गावात, प्रत्येक दवाखान्यात ठेवलेले नसते. एका वर्गात पन्नास-साठ मुले, एकच पाण्याची टाकी, मधल्या सुटीत एकमेकांच्या डब्यात हात. अशा ठिकाणी पाठवण्यापूर्वी हे संरक्षण ताजे करून घेणे हे पालकांच्या हातातले काम आहे.

गोवराचा अनुभव तर ताजा आहे. २०२२च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या दाट वस्त्यांतून गोवराचा उद्रेक झाला, काही बालके दगावली आणि नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाची जादा मात्रा द्यावी लागली. करोनाच्या काळात हुकलेल्या लसींची ती किंमत होती. लस न घेतलेल्यांच्या घोळक्यात गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. तो रोखायचा तर शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. वर्गात चाळीस मुले असतील, तर दोनच रिकाम्या कार्डांची मुभा, तिसरे नाही.

मग लसीशिवाय प्रवेशच नको, असा नियम का करू नये? असे पत्र प्रत्येक उद्रेकानंतर कोणीतरी लिहितेच. अमेरिकेत सर्व राज्यांत शाळेसाठी ठरावीक लसी आवश्यक आहेत. सूट कोणाला द्यायची, हे प्रत्येक राज्य वेगळे ठरवते. डिसेंबर २०१४मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडपासून गोवर पसरला, त्यानंतर त्या राज्याने २०१५मध्ये कायदा करून वैयक्तिक मतावर आधारलेली सूट काढून टाकली. नोकरीनिमित्त मुलाबाळांसह तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांना याची पहिली ओळख शाळेच्या दारातच होते. इथले सरकारी कार्ड पूर्ण भरलेले असूनही तिथे दोन चौकटी रिकाम्या निघतात: कांजिण्यांची लस आणि गालगुंडाची लस. दोन्ही आपल्या सरकारी वेळापत्रकात नाहीत. सरकारी केंद्रात मिळते ती गोवर-रुबेलाची. गालगुंडासह मिळणारी एमएमआर खासगी दवाखान्यात घ्यावी लागते. जाणाऱ्यांनी ही दोन कामे इथेच उरकून तारखांसह इंग्रजीत दाखला घेतला, तर तिथे पोहोचल्यावरची धावपळ वाचते.

पण तो नियम जसाच्या तसा इथे आणणे आम्हाला योग्य वाटत नाही. आपल्याकडे कार्ड रिकामे राहते ते बहुतेक वेळा मतामुळे नव्हे. ऊसतोडीला गेलेले कुटुंब, वीटभट्टीवरचा मुक्काम, शहरात भाड्याची खोली बदलत राहणारा मजूर, पाड्यापासून दूरचे उपकेंद्र, पुरात किंवा आगीत गेलेले कार्ड, ही त्यामागची कारणे. अशा मुलाला लस नाही म्हणून शाळेच्या बाहेर ठेवले, तर त्याची लसही जाते आणि शाळाही. शिवाय कायदाही तसे करू देत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून, शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून किंवा सत्र सुरू होऊन गेले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखल्याची ही कथा असेल, तर लसीच्या कार्डाने दार बंद कसे करणार? करोना लसीकरणासंबंधी मे २०२२मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले होते.

तेव्हा शाळेने कार्ड मागावे, जरूर मागावे, पण प्रवेश दिल्यानंतर. क्रम एवढाच बदलायचा आहे. आधी नाव हजेरीपटावर येऊ द्यावे. मग पहिल्या महिन्यात वर्गशिक्षिकेने कार्डे पाहून ज्यांचा बूस्टर राहिला आहे त्यांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राकडे द्यावी. परिचारिका ठरलेल्या दिवशी शाळेत येईल किंवा मुले तिकडे जातील. पालकांची संमती अर्थातच घ्यावी. ती टाळून मोहिमा रेटल्या, की अफवांना खतपाणी मिळते. २०१८च्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी ते सर्वांनी पाहिले आहे.

हा क्रम बदलण्याचे दुसरेही कारण आहे आणि आमच्या मते ते अधिक गंभीर आहे. ‘गंभीर आजार आहे का?’ या प्रश्नापुढे पालक ‘नाही’ लिहितात, कारण ‘होय’ लिहिले तर प्रवेश हुकेल ही भीती असते. आकडी येणारे मूल, टाइप १ मधुमेह असलेले मूल, हृदयाची शस्त्रक्रिया झालेले मूल, सिकलसेल असलेले मूल, या सगळ्यांच्या अर्जावर ‘नाही’ असते. मग एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत मूल कोसळते. आजूबाजूचे चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. शिक्षकांना आधी सांगितले असते तर त्यांनी मुलाला कुशीवर वळवले असते, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवले असते, तोंडात काहीही घातले नसते आणि घड्याळ पाहिले असते. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत थांबतात; पाच मिनिटांपुढे गेली तर थेट रुग्णालय गाठायचे. एवढे शिकवायला अर्धा तास पुरतो. पण कोणासाठी शिकायचे, हेच शाळेला माहीत नसते.

मधुमेहाचेही तसेच. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला इन्सुलिन घ्यावेच लागते आणि साखर अचानक उतरली तर त्याच मिनिटाला गोड खावे लागते. तासाला डबा उघडला म्हणून त्याला उभे करणारे शिक्षक दुष्ट नसतात, अनभिज्ञ असतात. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३मध्ये राज्यांना लिहून अशा मुलांना वर्गात साखर तपासण्याची, इन्सुलिन घेण्याची, मधले खाणे खाण्याची आणि परीक्षेत ही साधने जवळ ठेवण्याची मुभा द्यावी, असे सुचवले. ही मुभा मिळवायची तर आजार सांगावा लागतो. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे मूल वर्गात असणे नवलाचे नाही. त्याला भरपूर पाणी प्यायला हवे, म्हणजे लघवीला जाऊ द्यायला हवे. थंडीत कुडकुडत कवायत नको. ‘तासाला बाहेर जायचे नाही’ हा साधा नियम अशा मुलाला वेदनेच्या झटक्यापर्यंत नेऊ शकतो.

पालकांनी भीती बाजूला ठेवावी, हे म्हणणे सोपे आहे. तिला आधार असतो. पण कायदा त्यांच्या बाजूने आहे, हेही त्यांना ठाऊक असावे. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे. पहिल्या उल्लंघनाला २५ हजार आणि नंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि अध्ययन अक्षमताही येतात. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेने अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७च्या कायद्याने तर शिक्षणासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालणेच बेकायदा ठरवले. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याबाहेर आहेत आणि बालवर्गाला त्याचे संरक्षण पुरते मिळत नाही, या त्रुटी आहेतच. तरी पहिलीच्या बहुसंख्य पालकांना ‘होय’ लिहिण्याइतके बळ त्यातून मिळते.

‘होय’ लिहिलेला कागद कुठे जातो, हाही प्रश्न आहे. तो लिपिकाच्या उघड्या कपाटात पडू नये, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच जाऊ नये. वर्गशिक्षिका, खेळाचे शिक्षक, मुख्याध्यापक आणि स्कूलबसमधल्या ताई, एवढ्यांना कळले की पुरते.

डोळे आणि कान यांच्याविषयी अर्जात काहीच नसते. मुलाला कमी दिसत असेल तर ते सांगत नाही, कारण जगाला असेच दिसते अशी त्याची समजूत असते. एका डोळ्याची नजर चांगली आणि दुसऱ्याची अधू असेल तर घरातही कळत नाही. चांगला डोळा काम भागवतो आणि मेंदू अधू डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू वापरेनासा होतो. या दोषाला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी या साध्या उपायांनी तो बऱ्याच अंशी सुधारतो, नंतर अवघड होत जाते. म्हणून पहिलीच्या आधी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत. घरीही एक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दुरून वाचायला लावता येतात. एका डोळ्याला मूल कुरकुरले तर नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कानाचेही तसेच. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहते, दुखत नाही, पण ऐकू कमी येते. शाळेत अशा मुलाला ‘लक्ष नसते’ असा शेरा मिळतो.

शाळेत डॉक्टर यावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. बडोद्यात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी १९०९मध्ये झाली आणि देशातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथून मोजतात. भोर समितीने १९४६मध्ये या सेवेच्या दैन्याकडे बोट दाखवले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ तर फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरमध्ये झाला. जन्मजात व्यंग, कमतरतेचे विकार, बालपणीचे आजार आणि वाढीतले मागेपण अशा चार अंगांनी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. डॉक्टरांची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात, पुढचे उपचार मोफत होतात. हृदयाला छिद्र असलेल्या कितीतरी गरीब मुलांच्या शस्त्रक्रिया या वाटेने झाल्या आहेत. परंतु ही पथके जातात सरकारी आणि अनुदानित शाळांत. भरमसाट फी घेणाऱ्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची नजर कोणी तपासत नाही आणि पालकांना वाटते, एवढी फी घेतात तर तपासत असतीलच. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल या बाबतीत अधिक भाग्यवान आहे. अर्थात पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन पुढच्या रुग्णालयात गेले तर!

प्रवेशानंतरही पालकांवर एक जबाबदारी राहते, आणि तिच्या आड शाळाच येतात. मूल संसर्गाने आजारी असेल तर त्याला घरी ठेवायचे. गोवराचे पुरळ उठल्यावर चार दिवस, गालगुंड सुजल्यावर पाच दिवस आणि कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, हे त्याचे सर्वमान्य हिशेब आहेत. पण वर्षाअखेरी ‘शंभर टक्के उपस्थिती’चे बक्षीस लावलेले असते आणि पॅरासिटामॉल पाजून तापलेल्या मुलाला बसमध्ये बसवले जाते. हे बक्षीस शाळांनी बंद करावे. त्याची खरेच गरज नाही.

ज्यांच्या घरचे मूल या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे, त्यांनी आज कपाटातले कार्ड काढून पाच ते सहा वर्षांची ओळ पाहावी. रिकामी असेल तर आरोग्य उपकेंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी हा बूस्टर मोफत मिळतो. कार्ड हरवले असेल तर जिथे लसी दिल्या तिथल्या नोंदवहीतून किंवा आशाताईकडून तारखा मिळू शकतात. त्या न मिळाल्या तरी डॉक्टर वयानुसार राहिलेल्या लसी नव्याने ठरवून देतात. सातवे वर्ष ओलांडले असेल तर डीपीटीऐवजी टीडी ही लस देतात. तीच पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही घ्यायची असते, म्हणजे साधारण पाचवीत आणि दहावी-अकरावीत. कार्ड तोपर्यंत जपून ठेवावे.